छापून गेलेली चूक २६ जूनपूर्वी दुरुस्त करा

कागल पंचतारांकित एमआयडीसी आणि आसपासच्या गावांतील हौशी इतिहासलेखक, स्मरणिका काढणारी मंडळे, शाळा आणि कारखान्यांतल्या जयंती समित्या यांना तातडीचे आवाहन



२६ जून तोंडावर आला आहे. राजर्षी शाहू महाराजांची जयंती, आणि राज्यभर सामाजिक न्याय दिन. लक्ष्मी टेकडीपासून आत वळले की कारखान्यांच्या गेटवर, तळंदगे फाट्यावर, कसबा सांगाव, पट्टणकोडोली, हुपरीच्या चौकांत आठवडाभरात डिजिटल फलक झळकतील. शाळांच्या स्मरणिका छापखान्यात जातील. कंपनीच्या नोटीस बोर्डावर महाराजांचे अर्ध्या पानाचे चरित्र लागेल. ते चरित्र बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवलेले असते. गेल्या वर्षीचे त्याच्या आदल्या वर्षीच्या कागदावरून आलेले असते आणि मुळाशी आपल्यापैकीच कुणाचा तरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लेख असतो. तो लेख लिहिणाऱ्याला त्यातली चूक आज ठाऊक असते. तरी तो बोलत नाही.

हे आवाहन त्या न बोलणाऱ्यांसाठी आहे. आपल्या जुन्या लेखात, पुस्तिकेत, फलकावर किंवा भाषणात चूक होती हे तुम्हाला नंतर कळले असेल, तर फलक आणि स्मरणिका छापून होण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, ती जाहीर करा. जिथे चूक छापली तिथेच दुरुस्ती छापा आणि तुमचा मजकूर जे वापरतात त्यांना स्वतः कळवा.

सुरुवात महाराजांच्या जन्मापासूनच करावी लागते. जन्मतारीख २६ जून १८७४. पण जुन्या अनेक पुस्तकांत २६ जुलै १८७४ छापले आहे आणि हिंदी पुस्तकांत तर ते अजून वाचायला मिळते. त्यात २६ जुलै हा दिवस महाराजांच्या चरित्रात खरोखरच मोठा. मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा. दोन्ही दिवस सव्वीस आणि महिने पाठोपाठचे. एकदा चुकीचे वाचले की स्मरणात ते घट्ट बसते. ज्यांनी पूर्वी आपल्या लेखात २६ जुलै लिहिले ते काही अडाणी नव्हते, त्यांच्यासमोरच्या पुस्तकात तसेच होते. मात्र २६ जूनला जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालायचे आणि आपली २६ जुलैवाली पुस्तिका शाळेच्या कपाटात तशीच राहू द्यायची, हे बरोबर नाही. पुढच्या वर्षी सहावीतला एखादा मुलगा त्याच पुस्तिकेवरून भाषण पाठ करणार आहे.

दुसरी चूक आपल्या कागलकरांच्या प्रेमापोटी होते. महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले, मूळ नाव यशवंतराव, म्हणून जन्म कागलचा असे बिनदिक्कत लिहिले जाते. जन्म झाला कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, आई मुधोळच्या घोरपड्यांची राधाबाई. १७ मार्च १८८४ ला आनंदीबाईसाहेबांनी दत्तक घेतले आणि २ एप्रिल १८९४ ला राज्याधिकार मिळाला. कागलची जहागीर त्यांचे धाकटे बंधू पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब यांच्याकडे होती. शाहू महाराजांनाच कागलचे जहागीरदार म्हणणारे लेख या भागात फिरतात. त्यांत दोन राधाबाईंचाही गोंधळ असतो. महाराजांच्या आईचे नाव राधाबाई, आणि देवासला दिलेल्या कन्येचे, अक्कासाहेबांचे, नावही राधाबाईच. एकीच्या हयातीतली गोष्ट दुसरीच्या नावावर टाकलेली दिसली की समजावे, लिहिणाऱ्याने वंशावळ समोर ठेवली नव्हती.

माणगावच्या परिषदेचेही तसेच. मार्च १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली, जिथे शाहू महाराज स्वतः गेले, ते माणगाव त्या वेळी कागल जहागिरीत होते आणि आज हातकणंगले तालुक्यात आहे. म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या शेजारचेच. तरी लेखाबरोबर रायगड जिल्ह्यातल्या माणगावचा नकाशा छापणारे महाभाग आहेत. बाहेरच्या माणसाकडून हे झाले तर सोडून द्यावे. कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत बसून असे व्हावे, हे मात्र जरा जास्तच झाले.

आता कुणी म्हणेल, एका तारखेचे एवढे काय घेऊन बसलात? महाराजांचे कार्य महत्त्वाचे. हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. कार्य महत्त्वाचे म्हणूनच तर ते तपासून लिहायचे. आरक्षणाला विरोध करणारा माणूस तुमच्या लेखातली चुकीची तारीख दाखवतो आणि मग जाहीरनामाही खोटाच असेल म्हणतो, तेव्हा नुकसान कुणाचे होते?

या पट्ट्यात इतिहास कोण लिहिते हेही एकदा सांगून टाकावे. विद्यापीठातले प्राध्यापक क्वचितच. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गावोगावच्या म्हाताऱ्यांना गाठणारा सीएनसी ऑपरेटर, निवृत्त मुख्याध्यापक, ग्रामपंचायतीतला लिपिक, सूतगिरणीत नोकरी करत मोडी शिकलेली बाई, असे लोक लिहितात. त्यांच्यामुळेच बरेच काही वाचले आहे. जिथे आज शेड उभ्या आहेत तिथे कुणाचे रान होते, पाणंद कुठून जायची, बिरदेवाच्या यात्रेला कुठल्या गावची माणसे कुठल्या वाटेने यायची, हे सरकारी कागदांत मिळत नाही. जमीन संपादित झाली, बांध गेले, विहिरी बुजल्या, शेतांची नावे फक्त सत्तरीतल्या माणसांच्या तोंडी उरली. प्लॉट नंबरखाली काय होते हे लिहून ठेवणारा हौशी माणूसच. म्हणून त्याच्या चुकीची काळजी जास्त करायची. प्राध्यापकाची चूक दुसरा प्राध्यापक काढतो, गावच्या इतिहासाच्या पुस्तिकेला दुसरे पुस्तकच नसते. ती चूक काढू शकणारा माणूस पुष्कळदा एकच, ज्याने ती केली तो.

आपल्याकडे इतिहास संशोधनाची परंपराच अशा बिनपगारी माणसांनी उभी केली आहे. वि. का. राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव हिंडले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करू लागले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही विद्यापीठाच्या बाहेर. छापलेली चूक खोडण्याची उदाहरणेही याच परंपरेत आहेत. एका पाश्चात्त्य प्रवाशाच्या ग्रंथातला इब्राहिमखान नावाच्या कुणाचा तरी चेहरा शिवछत्रपतींचा म्हणून छापला जात होता. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली तो खोडून महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे मांडले. तोवर जुन्या चित्राला लोकांनी हार घातले होते, ते पाठ्यपुस्तकांत आणि दिवाणखान्यांत गेले होते.

सगळ्यांत मोठे उदाहरण शिवजन्मतिथीचे. वैशाख शुद्ध २ शके १५४९, म्हणजे १६२७ चा एप्रिल, ही तिथी बखरींमुळे रूढ झाली होती. शिवजयंती सार्वजनिक करणाऱ्या लोकमान्य टिळकांनीच १९०० साली ‘केसरी’तून या तिथीची चर्चा उघडली. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. तीत फाल्गुन वद्य ३ शके १५५१ अशी तिथी निघाली. जो उत्सव आपण महाराष्ट्रभर उभा केला त्याचीच तिथी डळमळीत करणारा कागद टिळकांनी दाबून ठेवला नाही. नंतर कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ स. म. दिवेकरांनी १९२७ साली प्रसिद्ध केले, त्यातही तीच तिथी. गंमत अशी की त्याच १९२७ साली जुन्या सालाप्रमाणे तीनशेव्या जयंतीचे सोहळे थाटात चालले होते. पुढे १९६६ साली राज्य शासनाने समिती नेमली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने स्वीकारायला एकविसावे शतक उजाडले. छापलेली चूक निस्तरायला किती पिढ्या लागतात याचा हिशेब ज्याने त्याने करावा. तिथी पाळावी की तारीख, हा वाद वेगळा आणि तो इथे नको.

बाहेरच्या देशांतले उदाहरण द्यायचे तर मायकेल व्हेंट्रिसचे देतो. हा इंग्लंडमधला वास्तुरचनाकार. इतिहासाची कुठलीही पदवी नाही. ग्रीसमध्ये आणि क्रीट बेटावर सापडलेल्या ‘लिनियर बी’ नावाच्या लिपीचे वेड त्याला शाळेत असताना लागले. अठराव्या वर्षी, १९४० साली, त्याने एका नामांकित संशोधन नियतकालिकात लेख लिहिला की ही भाषा एट्रुस्कन भाषेच्या कुळातली असावी. पुढे बारा वर्षे तो तेच धरून बसला. आपले काम चालू असतानाच टिपणे काढून तो देशोदेशीच्या जाणकारांना टपालाने पाठवायचा. जून १९५२ मधल्या विसाव्या टिपणात त्याने सहज म्हणून, जवळजवळ गमतीत, ग्रीक भाषा घालून पाहिली. क्रीटमधल्या गावांची नावे बरोबर बसू लागली. मग त्याने काय केले? १ जुलै १९५२ ला बीबीसी रेडिओवर जाऊन सांगितले की ही भाषा ग्रीक आहे. बारा वर्षे छापील लेखासकट सांभाळलेले मत त्याने महिन्याभरात सोडले. आज त्याचे नाव घेतात ते लिपी उलगडल्याबद्दल. एट्रुस्कनची आठवण फक्त अभ्यासकांना.

आपल्याकडे गप्प बसण्याची कारणे कुणाला ठाऊक नाहीत? पुस्तिका निघाली तेव्हा सरपंचांच्या हस्ते शाल-श्रीफळ मिळालेले असते. प्रकाशनाला आमदार आलेले असतात. ज्या घराण्याचे नाव पुस्तिकेत गौरवाने आले त्या घराण्याने छपाईचा खर्च उचललेला असतो. आणि कागल म्हणजे राजकारणाचे विद्यापीठ. इथे दोन गट नाहीत अशी पाण्याची टाकीसुद्धा नसेल. एका गटाच्या माणसाने चूक कबूल केली की दुसरा गट ती निवडणुकीपर्यंत जपून ठेवणार. ही भीती खोटी नाही. पण दुसऱ्याने चूक दाखवायची वाट पाहण्यापेक्षा आपण आधी सांगणे केव्हाही बरे, हे राजकारणातल्या माणसालाही कळते.

आपल्या जुन्या लिखाणात चूक कुठे शोधायची, हे थोडे सांगतो. कालगणनेपासून सुरुवात करा, निम्म्या भानगडी तिथेच असतात.

शकाच्या सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, हे लिहिताना विसरायला होते. शिवजन्माचेच घ्या. शके १५५१ मध्ये ७८ मिळवले की १६२९ येते. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तो पुढच्या इसवी सनात पडतो, म्हणून ७९ मिळवायचे आणि उत्तर १६३०. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथ्या असलेला प्रत्येक कागद तुम्ही एकदा पुन्हा तपासा. एका वर्षाचा फरक पडलेला निघाला नाही तर नशीबवान म्हणायचे.

मोडी कागदांवर शुहूर सन असतो आणि तो अंकांत नाही, अरबी शब्दांत. ‘सितैन मया व अलफ’ म्हणजे साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६०. त्यात ५९९ मिळवले की इ. स. १७५९, मृगापासून पुढच्या मृगापर्यंतचे साल, म्हणजे १७५९-६०. आता ‘सितैन’च्या जागी घाईत ‘सीत’ वाचले की साठाचे सहा होतात, सन ११०६ निघतो आणि कागद १७०५-०६ मध्ये जाऊन पडतो. चोपन्न वर्षांचा फरक. पानिपतच्या आदल्या वर्षीचा साधा वसुलीचा कागद ताराबाईंच्या मुघलांशी चाललेल्या झुंजीच्या काळात जातो, आणि मग आपले हौशी बंधू त्यावर ‘आमच्या गावाने महाराणी ताराबाईंना रसद पुरवली’ असा चार पानांचा लेख लिहितात. गावाला आनंद होतो, कमान उभी राहते. वर्षभराने तोच कागद दुपारच्या उजेडात पुन्हा पाहिला की त्यातली शेवटची अक्षरे दिसतात. तेव्हा काय करायचे, हाच या आवाहनाचा विषय.

इंग्रजी आणि पोर्तुगीज साधने वापरणाऱ्यांनीही जपावे. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच सुधारित पंचांग घेतले, इंग्रजांनी १७५२ पर्यंत घेतले नाही. सतराव्या शतकात दोघांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर आहे. शिवाय इंग्रजांचे नवे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचे. सुरतेच्या वखारीतले पत्र आणि गोव्याचे पत्र एकाच घटनेला दोन तारखा देत असतील तर त्यातला एकजण खोटे बोलतो असे ठरवण्याआधी हा हिशेब करा.

किताबांचा घोळ आपल्या भागात विशेष. ‘सर्जेराव’ हा किताब आहे. कागलच्या घाटग्यांकडे तो होता आणि कारीच्या जेध्यांकडेही. दौलतराव शिंद्यांचे सासरे, बायजाबाईंचे वडील सखाराम घाटगे हेही इतिहासात सर्जेराव म्हणूनच ओळखले जातात. जुन्या कागदात नुसते ‘सर्जेराव’ दिसले आणि तुम्ही त्याला आपल्या ओळखीच्या सर्जेरावांच्या खात्यावर टाकले असेल, तर साल पाहून पुन्हा ठरवा. तसेच ‘शाहू’. साताऱ्याचे शाहू महाराज १७४९ मध्ये वारले, आपले शाहू महाराज त्यानंतर सव्वाशे वर्षांनी जन्मले. तरी एकाची सनद दुसऱ्याच्या नावावर चढवलेली मी वाचली आहे. आणि ‘राजर्षी’ हा किताब कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय सभेच्या अधिवेशनात १९१९ साली मिळाला. १९०२ चा म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या एखाद्या कागदात महाराजांच्या नावामागे ‘राजर्षी’ असेल, तर तो कागद १९०२ चा नाही. असला कागद तुम्ही खरा समजून पुढे पाठवला असेल, तर ज्यांना पाठवला त्यांनाच आज निरोप पाठवा.

दगडांविषयी एकच सांगतो. गावाबाहेर, देवळाच्या ओट्यावर किंवा पाणंदीच्या कडेला उभे असलेले वीरगळ सरसकट शिवकाळातल्या मावळ्यांच्या समाध्या म्हणून लिहिले गेले आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य, असा दगड असेल तर तो पुष्कळदा शिलाहार-यादव काळापर्यंत मागे जातो. शिवाजी महाराजांचे नाव जोडले नाही तरी त्या गावाच्या इतिहासाला काही कमीपणा येत नाही; उलट गाव चार-पाचशे वर्षांनी जुने ठरते. चुकीचा फलक लावला असेल तर तो काढा. दगडाला ऑइल पेंट फासू नका, अक्षरे दिसावीत म्हणून चुना किंवा खडू भरू नका आणि रस्त्याच्या कामात दगड हलवायची वेळ आली तर आधी पुरातत्त्व खात्याला कळवा. हलवलेल्या दगडाची मूळ जागा पुन्हा कुणाला सांगता येत नाही.

दुरुस्ती कशी करायची? फाउंड्रीत काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. कास्टिंग गिऱ्हाईकाकडे गेल्यावर ब्लो होल निघाले की आपण हीट नंबर काढतो, त्या हीटचा माल कुठे कुठे गेला ते पाहतो आणि गिऱ्हाईकाने बोंब मारायच्या आत त्याला कळवतो. लेखाचेही तेच. तो कुठल्या स्मरणिकेत आला, कुठल्या शाळेने फलकावर घेतला, कुणी भाषणात वापरला, याची यादी करा आणि प्रत्येकाला एक ओळ पाठवा. हीट नंबरच टाकला नसेल, म्हणजे माहिती कुठून घेतली हे लेखात लिहिलेच नसेल, तर काम अवघड जाईल. पुढच्या लेखापासून तरी कागदाचे नाव, तो कुणाच्या घरी पाहिला आणि कधी पाहिला हे लिहीत जा.

शुद्धिपत्रात काय चुकले, बरोबर काय, कशावरून कळले आणि कुणी लक्षात आणून दिले, एवढे चार वाक्यांत सांगा. ‘अनवधानाने’, ‘मुद्राराक्षसाच्या कृपेने’ असले शब्द नकोत. मुद्राराक्षसाने बिचाऱ्याने आजवर पुष्कळांची पापे डोक्यावर घेतली आहेत. शिल्लक प्रतींवर चिठ्ठी चिकटवा. शाळेच्या आणि ग्रंथालयाच्या प्रतींवर स्वतः जाऊन चिकटवा. जुना मजकूर गुपचूप बदलून नवी आवृत्ती काढू नका, कारण जुनी प्रत कुणाच्या तरी घरी असणारच आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की संशय दोन्हींवर येतो. चूक दाखवणारा विरोधी गटातला असला तरी त्याचे नाव लिहा. कमान किंवा कोनशिला असेल तर ग्रामसभेत विषय मांडा. तिथे आरडाओरडा होईल, होऊ द्या.

गावकऱ्यांना, कारखान्यांच्या व्यवस्थापनांना आणि मंडळांच्या अध्यक्षांना हात जोडून सांगायचे आहे. जो माणूस उभा राहून ‘माझ्या पुस्तिकेत चूक होती’ म्हणेल त्याची टिंगल करू नका. त्याचा सत्कार परत मागू नका. त्याला यंदाच्या कार्यक्रमात पाच मिनिटे द्या आणि दुरुस्ती त्याच्याच तोंडून वाचून घ्या. २०२४ साली महाराजांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली तेव्हा निघालेल्या स्मरणिका कपाटांत आहेत; कंपनीच्या एचआर विभागाने त्या एकदा काढून तारीख आणि जन्मस्थळ पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे.

ज्यांच्या घरी जुनी दप्तरे आहेत त्यांच्यावर तर सगळ्यांची मदार. हौशी लेखकाची चूक सुधारते ती मूळ कागद पुन्हा पाहायला मिळाला तर. तो कागद मधल्या काळात रद्दीत गेला असेल तर चूक कायमची. एमआयडीसीत नोकरीला आलेली मुले जुनी घरे पाडून स्लॅबची बांधत आहेत. माळ्यावरची गाठोडी त्या वेळी खाली येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परसात ठेवली जातात. मोडीतला एकही कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नका. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका; स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण पाठीवरची नोंद आणि शिक्का पुष्कळदा पुढच्या मजकुरापेक्षा कामाचे असतात. आणि वाचून घ्यायला कोल्हापूरला जा. तिथे पुरालेखागार आहे, शिवाजी विद्यापीठ आहे, १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे. कागलपासून कोल्हापूर एसटीने तासाच्या आत. कागद देऊन टाकायची गरज नाही, दाखवला तरी पुरे.

आणि ज्यांनी आजवर काहीच लिहिले नाही पण गावच्या पुस्तिकेतली चूक ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी कट्ट्यावर हसत बसू नये. लेखकाच्या घरी जा, चहा घ्या, पुरावा समोर ठेवा. चारचौघांत पाणउतारा केला की माणूस चुकीलाच चिकटून बसतो. ‘काका, एवढा एक कागद बघा की’ म्हटले की निम्मे भांडण तिथेच मिटते.

यंदाचा डिजिटल छापायला टाकण्याआधी त्यावरची तारीख २६ जून १८७४ आणि जन्मस्थळ कसबा बावड्याचा लक्ष्मी विलास राजवाडा आहे ना, ते पाहा. आपल्या जुन्या लेखातली चूक माहीत असेल तर शुद्धिपत्राचा मजकूर आजच लिहा, स्मरणिकेच्या संपादकाला उद्या द्या आणि तो पहिल्या पानावर छापा असे त्यांना सांगा. पान भरले म्हणाले तर जाहिरात एक कमी घ्या.